ओमादा गुरूचा आवाज

कुशाबा पिसाळ जन्मात कधी रंगमंचावर आला नाही, पण गिरणीच्या नाट्यमंडळाचा एकही प्रयोग त्याच्यावाचून झाला नाही. तो प्रॉम्प्टर होता. विंगेत एका स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, आणि समोरचा नट अडला की पुढचं वाक्य कुजबुजत्या आवाजात त्याच्याकडे सरकवायचं. टाळ्या पडत त्या दुसऱ्यांना. हा आपला वही मिटून स्टूल जागच्या जागी ठेवून यायचा. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही, आणि वाटलं असेल तरी तो कुणाला सांगायला गेला नाही. माणूसच तसा होता.

सातारा जिल्ह्यातून अठराव्या वर्षी मुंबईत आला आणि चुलत्याच्या ओळखीने परळच्या गिरणीत साचाखात्यात चिकटला. साचे म्हणजे माग. शे-दीडशे माग एका छपराखाली धडधडत असले की शेजारच्याने कानात ओरडून सांगितलेलंही ऐकू येत नाही. नवा माणूस पहिले सहा महिने बहिऱ्यासारखा वावरतो, मग हळूहळू त्याला समोरच्याचे ओठ वाचता येऊ लागतात. साचेवाले असेच ओठांवरून बोलत. कुशाबाची त्यात इतकी तयारी झाली की चार साचे पलीकडे कोण जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, शिव्या घालतोय आणि नेमक्या कुठल्या घालतोय, ते तो हातातलं काम न थांबवता सांगे.

लहू घाडी याच खात्यातला. मालवणकडचा, अंगाने बारका, पण आवाज असा की परळच्या दामोदर हॉलमध्ये शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, हा माझ्याशीच बोलतोय. देवाने आवाज देताना हात सैल सोडला आणि स्मरणशक्ती देताना आखडला. लहूला दोन ओळी लागोपाठ पाठ होत नसत. तालमी पंधरा होवोत नाहीतर पंचवीस, पठ्ठ्या विंगेकडे बघायचाच. विंगेत कुशाबा असायचा. नुसते ओठ हलवले तरी लहूला पुरे, कारण तोही साचेवालाच. कुशाबाच्या ओठांवर वाक्य उमटायचं आणि पुढच्या क्षणाला ते लहूच्या गळ्यातून गडगडत सभागृहात जायचं. आपलंच वाक्य, पण काय होऊन निघालं, असं कुशाबाला वाटे.

मंडळाचा एक रिवाज होता. भूमिका ज्याची त्याची. एकदा स्पर्धेच्या ऐन दिवशी लहू तापाने फणफणला, तर मंडळाने प्रयोग रद्द केला आणि ढालीवर पाणी सोडलं. त्याच्या जागी दुसरा उभा करू, असं कुणाच्या मनातही आलं नाही. लहूचा राजा तो लहूचाच राजा. हा रिवाज कुशाबाच्या डोक्यात इतका पक्का बसला होता की सगळी दुनिया त्याच रिवाजाने चालते, अशी त्याची समजूत होती. पुढे जे झालं ते त्या समजुतीपायीच झालं.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. तो संपला कधी, हे आजही कुणी धड सांगत नाही, कारण गिरणीचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही. मंडळाचे पडदे युनियनच्या खोलीत पडून कुजले. लहूने कांदे-बटाटे विकले, लग्नाच्या मंडपात वाढपी झाला. कुशाबा बरीच वणवण करून शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या इमारतीत लिफ्टमन लागला. चार मजल्यांची लिफ्ट, लोखंडी जाळीचा दरवाजा. इमारतीत वर-खाली सगळी रेडिओ-टीव्हीची, सुट्या भागांची दुकानं.

मग एका जुन्या स्पर्धेचा परीक्षक लहूला दादरला रस्त्यात भेटला. तो आता ताडदेवच्या एका स्टुडिओत डबिंगची कामं बघत होता. आवाज ओळखूनच त्याने हाक मारली म्हणे. लहूला काम मिळालं ते गर्दीचं. दक्षिणेकडच्या सिनेमांत जमाव ओरडतो, माणसं कड्यावरून पडतात, गुंड मार खातात, ते सगळे आवाज लहूचे. वर्षानुवर्षं तो असा रविवारच्या रविवारी मरत राहिला. त्याला बोलायला वाक्य कुणी देत नव्हतं, कारण त्याच्या हिंदीला मालवणी वास होता.

नव्व्याण्णव साली मात्र एक जपानी कार्टून आलं. हिंदीत त्याला 'वज्रदल' नाव दिलं होतं. आठ पोरं, प्रत्येकाचे केस वेगळ्या रंगाचे, आणि सगळी एकमेकांना नाहीतर राक्षसांना मारत सुटलेली. त्यांचा एक म्हातारा गुरू होता, ओमादा. पांढरी दाढी, एक डोळा मिटलेला, डोंगरावर एकटा राहणारा. दिग्दर्शक म्हणाला, हा डोंगरावरचा माणूस आहे, याची हिंदी थोडी वेगळी असली तर उलट शोभेल. आणि लहूला आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर वाक्यं मिळाली.

मिळाली, पण पाठ कोण करणार? कागद हातात धरला तर चष्म्यातून वाचेपर्यंत पडद्यावरच्या गुरूचे ओठ मिटलेले असत. दोन रविवार फुकट गेल्यावर लहूने स्टुडिओत सांगितलं, माझ्याबरोबर माझा माणूस येईल, तो आवाज करणार नाही. तेव्हापासून कुशाबा माइकच्या पलीकडे, लहूच्या समोर उभा राहू लागला. एक डोळा पडद्यावर, गुरूचे ओठ कधी उघडतात ते टिपायला. गुरूचे ओठ उघडले की कुशाबाचे उघडत, आणि कुशाबाचे उघडले की लहू बोले. जपान्याच्या ओठांवर मालवणी माणसाची हिंदी अशी चपखल बसे की रेकॉर्डिंग करणारा पोऱ्यासुद्धा मान डोलवायचा. दीड वर्ष हे चाललं. कुशाबाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, संपानंतरचं जगणं म्हणावं असं जगलो ते तेवढंच.

मालिका रोज संध्याकाळी पाचला लागे. मग एका सोमवारी पाचला दुसरंच काहीतरी लागलं आणि 'वज्रदल' बंद झालं. त्यानंतर आठ-दहा महिन्यांत लहूची छाती भरली. इतक्या वर्षांची कापसाची धूळ कधीतरी हिशेब मागणारच होती. दोन हजार दोनच्या श्रावणात तो गेला.

वर्षश्राद्धाला कुशाबा घोडपदेवच्या खोलीवर गेला होता. लहूची बायको मंजुळा भिंतीवरच्या फोटोला हार घालत होती. ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "भावजी, तोंडवळो डोळ्यांसमोर हा, पण आवाज इसारत चाललंय. काय केल्यार आठवणा नाय."

कुशाबाचंही नेमकं तेच झालं होतं. लहूची वाक्यं त्याला सगळी येत होती. राजाची, बापाची, दारुड्याची, ओमादा गुरूची. अर्ध्या झोपेत उठवून विचारलं असतं तरी त्याने म्हणून दाखवली असती. पण म्हणायला गेला की ती त्याच्याच सपाट आवाजात यायची. लहूचा आवाज डोक्यातून निसटून गेला होता आणि ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. त्याला त्या विसरण्याची लाज वाटत होती.

त्या दिवसापासून त्याने शोध सुरू केला. ताडदेवचा स्टुडिओ बंद होऊन तिथे जिम निघाली होती. टेपा पुसून पुन्हा वापरल्या असतील, असं कुणीतरी सांगितलं. मालिका घरी उतरवून घ्यायला लहूकडे साधन नव्हतं, तो स्वतःच शेजाऱ्याच्या टीव्हीवर उभ्याने बघायचा. नाटकांचं तर कुणी काही टिपून ठेवलंच नव्हतं. इतकी वर्षं हॉल दणाणून सोडणारा आवाज, आणि त्याचा चिमूटभरही कुठे शिल्लक नाही, हे कुशाबाला सहन होत नव्हतं.

पुढच्या वर्षी श्रावणातच, लहूच्या तिथीला तीन दिवस उरले असताना, तिसऱ्या मजल्यावरच्या हिरजीभाईंच्या दुकानाचे खोके लिफ्टमधून वर चालले होते. हिरजीभाई कच्छी. हातात मावणारे व्हिडिओ गेम आणि त्यांच्या कॅसेटी विकत. एक खोका फुटलेला होता आणि त्यातून एक डबी बाहेर डोकावत होती. डबीवर आठ रंगांचे केस, आणि वर कोपऱ्यात पांढरी दाढी, एक डोळा मिटलेला.

कुशाबाने लिफ्ट तिसऱ्यावर थांबवली आणि दरवाजा उघडायचं तो विसरला.

"अरे पिसाळ, खोल ना," हिरजीभाई बाहेरून म्हणाले.

"शेठ, हे काय आहे?" जाळी सरकवत कुशाबाने डबी पुढे केली.

"गेम छे. ते कार्टून नव्हतं का येत, त्याचा फायटिंगवाला गेम. एकदम बोगस निघाला. तीन पीस विकले, तिन्ही परत आले. गिऱ्हाईक मला शिव्या देतात."

"बोलतात का यात?"

हिरजीभाईंनी डबी उलटी करून मागचं बारीक इंग्रजी वाचलं. "लिहिलंय तसं. मालिकेतलेच आवाज टाकलेत म्हणतो. तुला काय करायचंय रे ह्या वयात?"

मालिकेतलेच आवाज. कुशाबाच्या दृष्टीने यापुढे विचारण्यासारखं काही राहिलंच नाही. ओमादाचा आवाज लहूचा. मालिकेत लहूचा, तर खेळातही लहूचाच. जपानात ओमादाला आधीपासून कुणीतरी जपानी माणूस आवाज देत असेल, हे त्याच्या मनाला शिवलंही नाही. इतके रविवार तो स्टुडिओत उभा राहिला होता, पण तिथे चित्र नेहमी मुकं चालायचं. त्याच्या लेखी ओमादा मुकाच मुंबईत आला होता आणि लहूने त्याला बोलतं केलं होतं.

त्याने हिरजीभाईंना सगळं सांगितलं. हिरजीभाई व्यापारी माणूस, पण ऐकताना त्यांनी गल्ल्यावरचा हात काढून घेतला. परत आलेल्यांपैकी एक कॅसेट त्यांनी दुकानातल्या दाखवायच्या यंत्रात घातली आणि यंत्र कुशाबाच्या हातात दिलं. "सोमवारी परत आण. बटन जोरात दाबू नको."

यंत्र साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं. चालू केल्यावर आठ चेहरे आले. नववा चौकोन काळा होता, आत नुसती बाह्यरेषा. पण ती दाढी कुशाबाने लाखात ओळखली असती. हिरजीभाईंनी समजावलं की आधी आठही जणांना हरवायचं, मग म्हातारा उघडतो. म्हणजे सत्तावन्न वर्षांच्या माणसाने आता लिफ्टमधल्या स्टुलावर बसून मारामारी शिकायची होती.

शुक्रवार-शनिवारी त्या इमारतीतले लोक बरेच जिने चढले. लिफ्ट तळमजल्यावर उघडी आणि आत कुशाबा मान खाली घालून. पहिल्या दिवशी त्याने इतका मार खाल्ला की लहूने सगळ्या सिनेमांत मिळून खाल्ला नसेल. पण संध्याकाळपर्यंत त्याला खेळाची मेख सापडली. लाल केसांचा पोरगा घ्यायचा, समोरच्याला कोपऱ्यात रेटायचं आणि लाथेचं एकच बटण दाबत राहायचं. समोरचा कोणीही असो, तो कोपऱ्यात उभा राहून मुकाट मरत असे. डाव नाही, पेच नाही, अक्कल तर नाहीच.

नाट्यमंडळात आयुष्य गेलेल्या माणसाला हे बघवेना. नेपथ्य म्हणाल तर एक डोंगर आणि एक पूल, तेच आलटून पालटून. आठही पात्रांची चाल एक, उडी एक, पडणंही एक, फरक काय तो केसांचा. मालिकेत निळ्या केसांची पोरगी आपल्या भावाला मारायला हात उचलायची आणि उचललेला हात तसाच ठेवून रडायची. तो प्रसंग टिपताना स्टुडिओत सगळे गप्प झाले होते. इथे तीच पोरगी त्याच भावाला लाथा घालत होती आणि वर आकडे वाढत होते. असला प्रयोग आमच्या मंडळाने केला असता तर लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या, असं कुशाबाच्या मनात आलं.

पोरं मारताना ओरडत होती. त्या ओरडण्यात कुशाबाला ओळखीचं एकही माणूस सापडलं नाही. हे खरं तर त्याला तेव्हाच खटकायला हवं होतं. थोडं खटकलंही. पण आशा लागलेला माणूस स्वतःची समजूत घालण्यात पटाईत असतो. ओरडणं कुठल्याही भाषेत सारखंच, त्याने स्वतःला सांगितलं, आणि यंत्राचा स्पीकर सदऱ्याच्या बटणाएवढा, त्यातून काय ओळखू येणार. ओमादा ओरडत नाही. ओमादा बोलतो. तो बोलला की कळेलच.

रविवारी तिथी. सकाळी लालबागच्या चाळीत, गॅलरीत पाट टाकून कुशाबा बसला. सात जण झाले होते, आठवा उरला होता. बायको शांता तांदूळ निवडत मधूनमधून त्याच्याकडे बघत होती.

"नातवंडं असती तर म्हटलं असतं त्यांच्यासाठी शिकताय," ती म्हणाली.

"लहूचा आवाज आहे यात."

शांताचा हात सुपात थांबला. ती उठून त्याच्या शेजारी येऊन बसली आणि त्या चिमुकल्या काचेकडे बघत राहिली. लहूभावजी दाराबाहेरूनच "वयनी, च्याय" म्हणायचे, ते तिलाही आठवलं असावं.

आठवा पडला. काळा चौकोन उजळला. डोंगरावर धुकं आलं आणि धुक्यातून म्हातारा चालत आला. दाढी तीच, मिटलेला डोळा तोच. त्याने वाकून नमस्कार केला आणि कुशाबाला दिसलं की त्याचे ओठ उघडताहेत. इतक्या वर्षांची सवय, त्याचेही ओठ आपोआप उघडले. पहिल्या भागात गुरू धुक्यातून येतो तेव्हाचं वाक्य त्याच्या ओठांवर आलं. 'हवा से मत लड़ो, बेटा. झुकना सीखो.'

यंत्रातून एक आवाज आला. कुणा तरण्या माणसाचा, पातळ, परक्या भाषेतला. दोनच शब्द. खाली इंग्रजी अक्षरं उमटली आणि मारामारी सुरू झाली.

कुशाबाने बटण दाबलं नाही. लाल केसांचा पोरगा नुसता उभा राहिला आणि ओमादाने त्याला मारून टाकलं. मारताना ओमादा तेच दोन शब्द पुन्हा बोलला. कुशाबाने खेळ पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग त्याने ओमादाला कोपऱ्यात घेऊन हरवून बघितलं, पडताना तरी काही बोलेल म्हणून. म्हातारा नुसता कण्हला, आणि कण्हणंही परकं. लहूने कण्हण्यातच अर्धं आयुष्य काढलं होतं, ते कुशाबाला कळल्यावाचून राहिलं नसतं.

"हे भावजी नाहीत," शांता म्हणाली.

"नाहीत."

त्याने यंत्र मांडीवर ठेवलं. खेळ वाईट निघाला याचं त्याला काही नव्हतं. त्याला रडू येत होतं ते वेगळ्याच कारणाने. आपण तीन दिवस लहूला भेटायला निघालो होतो, आणि आता पोचायला कुठे जागाच नाही, असं त्याला वाटलं. लहूची आठवण त्याला याआधी पुष्कळदा आली होती, पण त्या गॅलरीत ती जितकी झोंबली तितकी तो गेला त्या दिवशीही झोंबली नव्हती.

घोडपदेवला जाणं भाग होतं. मंजुळाला त्याने शुक्रवारीच शेजारच्या फोनवर निरोप दिला होता की रविवारी एक वस्तू आणतो. गेला तेव्हा दुपार कलली होती. पानं उठली होती, लहूचे भाऊबंद जेवून आपापल्या घरी गेले होते. मंजुळाने त्याच्यासाठी पान मांडलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी. कुशाबा जेवला. हात धुऊन आल्यावर त्याने खिशातून यंत्र काढलं आणि झालं ते सगळं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही.

"वहिनी, माफ करा. मी उगाच तुमचा जीव टांगून ठेवला."

मंजुळाने यंत्र हातात घेऊन लांब धरून बघितलं. काचेत ओमादा उभा होता.

"ह्यो म्हातारो? ह्येका तेंचो आवाज हुतो?"

"मालिकेत होता. तुम्ही ऐकला असेल की पाच वाजता."

"पाच वाजता माझ्या चुलीर लोकांच्या डब्यांच्ये दोन डझन चपात्ये असत. मी खय बघतलंय," ती म्हणाली. मग यंत्र जमिनीवर ठेवून ती जराशी हसली. "भावजी, खरा सांगू? तेंचो नाटकातलो आवाज माका ठावकच नाय. मी एक पण नाटक बघूक नाय. घरात आठ माणसां जेवूक आणि निजूक. गाववाले. चार रातपाळयेचे, चार दिवसपाळयेचे. कधी पण बघा, खोलयेत चार माणसां निजलेलीच. मग आमी बोलतलो कसा? कुजबुजान. मोठ्यान बोलाक मिळालाच नाय कधी. लगीन झाल्यापासून ह्या माणसान माझ्या कानात कुजबुजान संसार केल्यान. संप झालो, माणसां गावाक गेली, खोली रिकामी झाली, तरी सवय गेली नाय. तो आवाज माका व्हयो हुतो. तो खंयच्या यंत्रात गावतलो?"

ज्या आवाजासाठी कुशाबाने वर्षभर जिवाचं रान केलं, तो तिने कधी मागितलाच नव्हता. हॉल भरून टाकणारा तो लहू कुशाबाचा होता, मंडळाचा होता, शेवटच्या रांगेचा होता. हिचा लहू वेगळाच होता आणि त्याची कुशाबाला गंधवार्ता नव्हती.

"काय बोलायचा तो?" त्याने विचारलं.

"काय बोलतले. सगळ्यांची जेवणां आटापली, भांडी घासून झाली, की मी आडवी पडायची. तेवा इचारीत, मंजुळा, जेवलंस काय? रोज. इतक्याच. मी म्हणी, जेवलंय." ती थांबली. "आता मी माझ्या तोंडान म्हणान बघतंय तर ता माझाच वाटता. तेनी कसा म्हणत..." पुढे तिला बोलता येईना. तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि ती वाक्याच्या मधेच अडकून बसली.

समोर कुणी अडलं की कुशाबाला राहवत नसे. उभ्या आयुष्यात त्याने दुसरं केलंच नव्हतं. आणि त्याच्या धंद्यातली एक गोष्ट त्याला पक्की माहीत होती, की कुजबुजीला गळा नसतो. मोठ्याने बोलताना राजा राजासारखा आणि शिपाई शिपायासारखा बोलतो, पण कुजबुजताना सगळ्या पुरुषांचा आवाज एकच. लहूचा राजा त्याला सात जन्मांत जमला नसता. हे जमण्यासारखं होतं.

त्याने नजर दुसरीकडे वळवली, विंगेत बसल्यावर वळवायचा तशी, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मंजुळा, जेवलंस काय?"

मंजुळाने डोळे मिटले. गॅलरीतून कुणीतरी बादली घेऊन गेलं, नळावर बायकांचं बोलणं चाललं होतं. ती हलली नाही. मग तिनेही तेवढ्याच हळू आवाजात उत्तर दिलं.

"नाय. जेवाक नाय." आणि थोडा वेळ जाऊ देऊन, "तेवा पण जेवाक नव्हतंय. संपात कधीच जेवाक नसायचंय. तुमका खोटा सांगी."

ती त्याच्याशी बोलत नव्हती हे कुशाबाला कळत होतं. ती डोळे मिटून पुढच्या वाक्याची वाट बघत होती. पण कुशाबाला लहूची सगळी वाक्यं ठाऊक होती आणि हे एकच ठाऊक नव्हतं. लहू यावर काय म्हणाला असता, ते कुठल्याच वहीत नव्हतं. त्याचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. आत्ता लहू इथे हवा होता, आणि या वेळी त्याच्या ओठांकडे बघून बोलायची पाळी कुशाबाची होती.

तो उठला. मांडणीवरून एक थाळी घेतली, चुलीपाशी जाऊन पातेल्यावरचं झाकण काढलं आणि तिला भात वाढला. वर सांबारं घातलं, दोन वडे ठेवले. थाळी तिच्यापुढे ठेवून तो समोर बसला. मंजुळाने डोळे उघडले, थाळीकडे बघितलं आणि जेवायला लागली. तिचं जेवण होईपर्यंत कुशाबा तिथेच बसून राहिला.